फायबर वसरीत आली, नेट मागच्या खोलीत पोचलं नाही : फोंडा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर सावई-वेऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या उतरणीवर आहे. माणसांची नावं बदलली आहेत. घरमालक अण्णा माझे चुलते. मी एका शिक्षणसंस्थेचं नेटवर्क सांभाळतो, त्यामुळे घरात नेटचा विषय निघाला की फोन मला येतो. या प्रकरणातल्या दोन चुका माझ्याही आहेत, त्या त्या जागी लिहिल्या आहेत.

आधी घर डोळ्यांसमोर आणा, कारण पुढचं सगळं या घराच्या बांधणीवर अवलंबून आहे. जुनं चिऱ्याचं घर, भिंती दीड ते दोन फूट जाड. पुढे वसरी म्हणजे ओसरी, तिला लागून बैठकीची खोली, मध्ये राजांगण म्हणजे उघडा चौक, राजांगणाच्या एका बाजूला देवघर आणि माजघर, मागे स्वयंपाकघर. त्याच्याही मागे एक खोली, पूर्वी तिथे सुपारी साठवायचे. पूर्वेच्या अंगाला लाकडी जिन्याची माडी. मागच्या दारातून उतरलं की कुळागर, म्हणजे सुपारी-माडांची बाग, सुरू. वसरीपासून मागच्या खोलीपर्यंत सरळ रेषेत बावीस मीटर, आणि वाटेत चार भिंती.

अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. काकू घर आणि कुळागर दोन्ही बघतात. मुलगा उदय पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो, सुपारीची खोली आता त्याचं ऑफिस आहे. सून मेधा माडीवर बसून बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र ऑनलाइन शिकवते. त्यांची मुलगी अकरावीत.

अडचण

घरात तांब्याच्या टेलिफोन तारेवरचं ब्रॉडबँड होतं. तारेवरच्या इंटरनेटचा वेग एक्स्चेंजपासूनच्या अंतराबरोबर पडत जातो. एक्स्चेंजला खेटून असलेल्या घराला एडीएसएल-२ प्लस या तारेवरच्या पद्धतीत चोवीस एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला मेगाबिट, नेटच्या वेगाचं माप) मिळू शकतात, पण या घरापर्यंत तार फिरत फिरत जवळपास चार किलोमीटर येते. डाउनलोड साडेतीन, अपलोड अर्धा एमबीपीएस. पाऊस लागला की वाटेतल्या जॉइंटांत पाणी शिरायचं, फोनवर खरखर यायची आणि मोडेमचा दिवा लुकलुकत बसायचा.

डाउनलोडचं रडगाणं सगळे गातात, पण या घराची खरी दुखरी नस अपलोड होती. व्हिडिओ कॉलवर आपला चेहरा, आवाज, फळा हे सगळं वर जातं. चांगल्या दर्जाच्या एका कॉलला दोन्ही दिशांना तीन-चार एमबीपीएस लागतात. सकाळी दहाला उदयची मीटिंग, त्याच वेळी मेधाचा वर्ग. दोघांत मिळून अर्धा एमबीपीएस. उदय मोबाइल घेऊन वरच्या वाटेवरच्या फणसाखाली उभा राहून मीटिंग करायचा, कारण घर खोलगटात असल्यानं टॉवरचं सिग्नल फक्त तिथेच धड मिळायचं. २०२३ च्या एप्रिलात त्याच्या साहेबांनी विचारलं, "पावसाळ्यात तुम्ही काय करणार?" त्या रात्री मला फोन आला.

पर्याय

तार दुरुस्त करून घेणं हा पहिला पर्याय. तो लगेच सोडला, कारण जॉइंट बदलले तरी अंतर काही कमी होणार नव्हतं.

मोबाइल कंपनीचं घरगुती वायरलेस नेट हा दुसरा. यात गच्चीवर किंवा खिडकीत एक डबा बसतो, खोदाई नाही, तार नाही. म्हापशा-पणजीत टॉवर समोर असेल तर हे उत्तम चालतं. आम्ही दोन कंपन्यांची सिमं फोनात घालून घराच्या सहा जागी मोजलं. माडीच्या खिडकीत एका कंपनीचे अकरा एमबीपीएस, बाकीकडे काही नाही. हाही गेला.

मग फायबर. गावात दोघं जण फायबर देत होते, आणि इथे मला थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण या वळणावर पुष्कळ घरं फसतात.

एक होता स्थानिक केबलवाला. पत्रकावर मोठ्या अक्षरांत "फायबर". मी उदयला सांगितलं, त्याला एकच प्रश्न विचार: घरात ओएनटी बसणार का? ओएनटी म्हणजे काचेच्या तारेतला प्रकाश घेऊन त्याचं इंटरनेट करणारी डबी. उत्तर आलं, "नाही, खांबावरच्या पेटीतून लॅन केबल घरात येईल." म्हणजे फायबर खांबापर्यंत, पुढचे साठ-सत्तर मीटर तांबं. त्या पेटीत स्विच, म्हणजे नेट घराघरांत वाटणारं यंत्र, असतो, त्याला वीज लागते, वीज गेली की वाडीचं नेट जातं. आणि मे महिन्यात वीज कडाडली की उघड्यावरच्या तांब्याच्या केबलीतून झटका सरळ घरातल्या राउटरपर्यंत येऊ शकतो. पूर्ण फायबरमध्ये एक्स्चेंजपासून घरापर्यंत काचेचा धागा असतो. वाटेत स्प्लिटर असतो, एक प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटणारा, पण त्याला वीज लागत नाही. जीपॉन नावाच्या त्या पद्धतीत एका धाग्यावर खाली अडीच आणि वर सव्वा गिगाबिट जागा असते, ती या घरांत वाटली जाते. दोन्हींना बाजारात फायबरच म्हणतात.

दुसरी होती टेलिफोनची तार जिची, तीच कंपनी. ती आपल्या स्थानिक भागीदारामार्फत पूर्ण फायबर देत होती. दर थोडा जास्त: महिना ७९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९४३. वेग शंभर एमबीपीएस.

निर्णय मात्र पैशावर झाला नाही, वेगावरही नाही. अण्णा म्हणाले, "नंबर बदलणार असेल तर मला नको." तो लँडलाइन नंबर तीस वर्षांचा. काकूंची बहीण, गावचे भटजी, बँक, सगळ्यांकडे तोच. मोबाइल नंबर कंपनी बदलून तसाच ठेवता येतो, लँडलाइनला आपल्याकडे ती सोय नाही. त्याच कंपनीच्या फायबरवर गेलं तर मात्र जुना नंबर ओएनटीला जोडलेल्या फोनवर चालू राहतो. उदयला ही भावनिक अडवणूक वाटली. मला अण्णांचं म्हणणं पटलं, आणि आजही पटतं.

केबल कुठून येणार हेही आधी विचारलं. विजेच्या खांबांवरून परवानगीशिवाय ओढलेल्या केबली हा गोव्यातला जुना वाद आहे, वीज खात्याची माणसं त्या कापतात तेव्हा ग्राहकाच्या हातात काही राहत नाही. भागीदारानं स्वतःचे खांब दाखवले, तेव्हा अर्ज भरला.

शंभरच एमबीपीएस का, तीनशे का नाही, असं उदयनं विचारलं होतं. आम्ही कागदावर बेरीज केली. दोन व्हिडिओ कॉल, मुलीचे व्हिडिओ, अण्णांचं टीव्हीवरचं कीर्तन, फोनांचे अपडेट. सगळं एकाच वेळी चाललं तरी चाळीसच्या वर जाईना.

जोडणीचा दिवस

मेच्या पहिल्या आठवड्यात दोन मुलं शिडी आणि केबलीचं भेंडोळं घेऊन आली. उदय पुण्याला होता, मेधाचा वर्ग चालू होता, मी तर तिथे नव्हतोच. घरी अण्णा.

"आजोबा, डबी कुठे बसवू?"

"कुठे बसवायची असते?"

"इथेच बसवूया, वसरीच्या भिंतीला. केबल इथेच येते, प्लग पण आहे."

अण्णांना त्यात वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. टीव्ही बैठकीत, फोन बैठकीत. दहा मिनिटांत जागा ठरली. केबल आत घ्यायला भिंतीला भोक पाडायला नको म्हणून मुलांनी ती लाकडी खिडकीच्या चौकटीतून आत घेतली. दोन फुटांची चिऱ्याची भिंत फोडायची म्हणजे लांब बिटाचं ड्रिल लागतं, ते त्यांच्याकडे नव्हतं.

या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो कुणी घेतलाच नाही, तो आपोआप झाला. आम्ही तीन आठवडे कंपनी, दर, वेग, नंबर यावर खल केला. ओएनटी कुठे बसणार हे मी एका शब्दानं विचारलं नव्हतं. ही माझी पहिली चूक.

एक गोष्ट मुलांनी नीट केली. बाहेरच्या केबलीला ताण घेण्यासाठी पोलादी तार असते, ती त्यांनी बाहेरच्या हुकालाच बांधून तिथेच तोडली, घरात फक्त धागा घेतला. काच वीज वाहत नाही, पण पोलाद वाहतं. तुमच्याकडे ती तार आतपर्यंत आलेली दिसली तर बाहेर तोडायला सांगा.

त्या संध्याकाळी टीव्हीजवळ फोन धरून अठ्ठ्याण्णव एमबीपीएस मोजले. अपलोडही अठ्ठ्याण्णव. अण्णांनी मला आनंदानं फोन केला. मागच्या खोलीत आकडा चार होता, ते उदय परत आल्यावर कळलं.

पहिला उपाय: महागडा राउटर

उदयनं जे केलं तेच शंभरातले नव्वद जण करतील. फोंड्याच्या दुकानातून सहा अँटेनांचा, वाय-फाय ६ चा, नऊ हजारांचा राउटर आणला आणि ओएनटीच्या शेजारी ठेवून केबलीनं जोडला. मागच्या खोलीत चारचे नऊ झाले.

नऊ हजारांत पाच एमबीपीएस. का, ते समजून घेण्यासारखं आहे. वाय-फाय म्हणजे दोघांचं बोलणं. राउटर कितीही मोठ्यानं बोलला तरी फोनाला आणि लॅपटॉपला तिकडून उत्तर द्यावं लागतं, आणि त्यांचा आवाज तेवढाच बारीक राहतो. शिवाय राउटरच्या आवाजावरही सरकारी मर्यादा असते, सहा अँटेना लावल्या म्हणून ती वाढत नाही. पाच गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीत लवकर जिरतात. २.४ गिगाहर्ट्झच्या दूर जातात, पण त्यांचा वेग कमी आणि शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दीही तिथेच. दोन फुटांचा चिरा, त्यात मुरलेला पावसाळी ओलावा, आणि अशा भिंती चार. पाच गिगाहर्ट्झ स्वयंपाकघरातच मावळत होतं.

शिवाय कंपनीची ओएनटी स्वतःही राउटर असते. तिच्यामागे दुसरा राउटर लावला की घरात दोन राउटर एकामागे एक उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटत बसतात, आणि दोघांचे वाय-फाय एकमेकांच्या आवाजावर बोलतात. उदयच्या ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट, मधूनच तुटायचं, ते या दुहेरी वाटपामुळे असावं असा माझा अंदाज. सगळं एकत्र सुधारलं तेव्हा तेही थांबलं, त्यामुळे नेमकं कारण वेगळं काढता आलं नाही.

मग त्यानं दोन हजारांचा एक एक्स्टेंडर आणला आणि माजघरात लावला. एक्स्टेंडर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, बहुतेक स्वस्त डब्या दोन्ही कामं एकाच लहरीवर करतात, म्हणून वेग निम्म्यावर येतो. त्यात तो जिथे ठेवला तिथेच सिग्नल अर्धमेलं. मागच्या खोलीत चौदा एमबीपीएस, पण मीटिंगमध्ये आवाज तुटणारा.

यात माझी दुसरी चूक. उदयनं राउटरचा फोटो पाठवून विचारलं होतं, "दादा, हा चांगला आहे ना?" मी बघून "चांगला आहे" असं लिहिलं. राउटर चांगलाच होता. तो कुठे ठेवणार, हे विचारायला हवं होतं.

खिडकी

जूनच्या मध्याला पाऊस लागला आणि नवीनच त्रास सुरू झाला. संध्याकाळी नेट जायचं. ओएनटीवर एलओएस नावाचा लाल दिवा, म्हणजे प्रकाश येतच नाही. सकाळी आपोआप ठीक. कंपनीकडे तक्रार केली, माणूस दुपारी यायचा, प्रकाशाची ताकद मोजून "पॉवर चांगली आहे" म्हणायचा आणि जायचा. दोनदा असं झालं. घरात सगळ्यांचं मत एक: पावसामुळे. जुन्या तारेचा अनुभव तोच होता ना.

पण काचेला पाण्याचा असा त्रास व्हायला नको. जुलैच्या पहिल्या रविवारी मी तिथे गेलो. लॅपटॉप ओएनटीला जोडून १९२.१६८.१.१ वर तिचं पान उघडलं. बहुतेक ओएनटींत ऑप्टिकल माहितीचा एक रकाना असतो, त्यात येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा ऋण असतो. या जातीच्या ओएनटीला उणे आठ ते उणे सत्तावीस चालतं, उणे सत्तावीसच्या पलीकडे तिला दिसेनासं होतं. आमचा आकडा उणे एकवीस. उत्तम.

साडेसहाला सर आली. काकू आतून आल्या आणि नेहमीप्रमाणे वसरीची खिडकी ओढून घेतली. जुनं सागवानी दार, पावसात फुगलेलं, म्हणून त्या हातानं जोर देऊन बसवतात. मी पडद्याकडे बघत होतो. उणे एकवीसचे उणे एकोणतीस झाले आणि लाल दिवा लागला.

"काकू, खिडकी जरा उघडा."

उणे एकवीस. दिवा हिरवा.

"आता बंद करा."

लाल.

काकूंनी तीनदा उघडून-मिटून दाखवली. केबल चौकटीत जिथून आत येत होती तिथे दाराची कड तिला चिमटत होती. फायबरचा धागा बाहेरून १२५ मायक्रॉनचा, आणि प्रकाश ज्यातून जातो तो गाभा साधारण नऊ मायक्रॉनचा. चिमटा बसला की प्रकाश वळणावरून बाहेर गळतो. धागा तुटत नाही, म्हणून दुपारी खिडकी उघडी असताना येणाऱ्या माणसाला सगळं ठीक दिसायचं. तो खोटं बोलत नव्हता.

नेट कधी जातं हे घरच्यांनी बरोबर सांगितलं होतं. त्या वेळी घरात आणखी काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्यांदा मांडणी

आता दोन वाटा होत्या. ओएनटी वसरीतच ठेवून तिथून मागे केबल न्यायची, किंवा ओएनटीच घराच्या मध्यावर आणायची. पहिली स्वस्त, पण खिडकीचा प्रश्न राहिलाच असता. दुसरी निवडली. माजघराच्या कोपऱ्यात इन्व्हर्टरचा प्लग आहे, जागा कोरडी, आणि तिथून राजांगणाची तिन्ही अंगं उघडी मिळतात. राजांगण म्हणजे छप्पर नसलेली जागा, लहरींना तिथे भिंतच नाही. जुन्या घराची ही सोय आमच्या बाजूनं होती.

कंपनीच्या माणसाला नवी केबल ओढायला बोलावलं. फोंड्याहून लांब बिटाचं ड्रिल भाड्यानं आणून पागोळीच्या खाली, उतरतं भोक पाडलं. बाहेरच्या बाजूला भोक खाली हवं, नाहीतर पाणी केबलीवरून आत चालत येतं. आत पीव्हीसी पाइप, वळणं गोलसर, आणि शेवटी दोन मीटर केबल गुंडाळून ठेवली. टोकाचा हिरवा कनेक्टर नवा बसवला. हिरवा तिरक्या घासणीचा, निळा सरळ घासणीचा. हिरव्यात निळा खुपसला तर बसतो, पण प्रकाश वाया जातो. नव्या जागी आकडा उणे वीस.

मग लॅन केबल. माजघरातून एक मागच्या खोलीत, एक माडीवर, मिळून पंचावन्न मीटर कॅट-६. दुकानदारानं आधी निम्म्या किमतीची दाखवली. सोलून पाहिलं तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते वाकवलं की तुटतं आणि दोन वर्षांत गंजून वेग पडतो. शुद्ध तांब्याची घेतली. केबल सगळी घराच्या आतून, भिंतींच्या कडेनं, कौलांच्या खालून नेली. राजांगणावरून आडवी ओढली असती तर वीस मीटर वाचले असते, पण उघड्या आभाळाखाली तांबं नको.

नऊ हजारांचा राउटर वाया गेला नाही. तो मागच्या खोलीत नेला आणि त्याच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड लावला. आता तो पत्ते वाटत नाही, फक्त केबलीतलं नेट हवेत सोडतो. माडीवर अडीच हजारांचा साधा अ‍ॅक्सेस पॉइंट. ओएनटी धरून तिन्हींना एकच नाव, एकच पासवर्ड, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ आणि ११ वाटून दिले. मेश संचाचा, म्हणजे मिळून एकच वाय-फाय देणाऱ्या डब्यांचा, विचारही केला होता. केबल नेणं शक्यच नसतं, भाड्याचं घर असतं, तर तो घेतला असता. पण केबल नसेल तर मेशच्या डब्याही एकमेकांशी हवेतूनच बोलतात, आणि या चिऱ्यातून त्यांना बोलायला लावण्यापेक्षा एकदाच केबल टाकलेली बरी.

राउटर निवडताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांकडे मी बघत नाही. गिगाबिट पोर्ट (केबल लावायच्या हजार एमबीपीएसच्या खाचा) आहेत का ते बघतो: स्वस्त राउटरचे पोर्ट शंभराचे असतात आणि प्रत्यक्षात चौऱ्याण्णवच देतात, उद्या वेग वाढवला तर तिथेच अडकायला होतं. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड आहे का, कंपनी सॉफ्टवेअरचे अपडेट देते का, आणि अडॅप्टर बारा व्होल्टचा आहे का, हेही बघतो. या शेवटच्या मुद्द्याचं कारण आता येतं.

वीज आणि फोन

मेमध्ये वळवाच्या पावसात पहिल्यांदा वीज गेली त्या रात्री अण्णांच्या लक्षात आलं की फोन मुका झालाय. जुन्या तारेवरचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा, घरात अंधार असला तरी वाजायचा. फायबरवरचा फोन ओएनटीच्या जिवावर आहे, आणि ओएनटी घरच्या विजेवर. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मलाही ते माहीत असून सांगायचं सुचलं नाही. घरात वयस्कर माणसं, वाट डोंगरातली, मोबाइलला सिग्नल नाही. अशा घरात रात्री फोन बंद असणं ही सोयी-गैरसोयीची बाब राहत नाही.

ओएनटी इन्व्हर्टरवर आलीच होती, पण इन्व्हर्टर बदल घेताना क्षणभर खंड पडतो, ओएनटी पुन्हा सुरू होते आणि दोन-तीन मिनिटं जातात. म्हणून तिला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. घेण्याआधी अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा वाचावा. ओएनटी बारा व्होल्ट दीड अँपिअरची होती. नऊ व्होल्टच्या राउटरला बारा व्होल्टचा यूपीएस लावला तर तो जळू शकतो.

निकाल

ऑगस्टमध्ये काम संपलं. मागच्या खोलीत ब्याण्णव, माडीवर नव्वद, वसरीत साठ एमबीपीएस. वसरीचा आकडा उतरला, कारण ओएनटी तिथून गेली. टीव्हीला तेवढे भरपूर आहेत. संध्याकाळचा लाल दिवा पुन्हा लागला नाही. उदय फणसाखाली उभा राहत नाही.

एकूण खर्च: पहिला राउटर ९,०००, एक्स्टेंडर २,०००, दुसऱ्या फेरीतली केबल, पाइप, ड्रिल, मजुरी, अ‍ॅक्सेस पॉइंट आणि यूपीएस मिळून साधारण ९,५००. एक्स्टेंडर कपाटात पडून आहे. जागा आधी ठरली असती तर नऊ हजारांच्या राउटरऐवजी अडीच हजारांच्या दोन डब्यांत भागलं असतं.

एक महिना तारेचं आणि फायबरचं अशी दोन बिलं आली. उदयनं तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घेतला. त्यावर समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, पण तशी वेळ आली नाही, पुढच्या बिलात रक्कम वळती झाली. डॉकेट नंबर अण्णांच्या वहीत लिहिलेला होता, म्हणून हे दोन फोनांत निपटलं.

खरी परीक्षा सप्टेंबरात गणेश चवथीला झाली. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला, आरतीला, जेवायला मिळून घरात तीस-पस्तीस माणसं आणि तेवढेच फोन. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं होतं, पासवर्ड कागदावर लिहून वसरीत लावला. घरातल्या वायफायचा पासवर्ड कुणाला द्यावा लागला नाही. मस्कतला असलेल्या अण्णांच्या पुतणीनं पूर्ण आरती व्हिडिओवर बघितली, मध्ये एकदाही चित्र अडकलं नाही. काकू तिच्याशी बोलताना फोन घेऊन देवघरातून राजांगणात, तिथून थेट स्वयंपाकघरात गेल्या, करंज्या दाखवायला.

नोव्हेंबरात माडाचं चुडत बाहेरच्या केबलीवर पडून ती तुटली. दीड दिवस नेट नव्हतं. गुंडाळून ठेवलेल्या दोन मीटरांतून जोड बसला, नवी केबल ओढावी लागली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जोडणीच्या आधी घराचा एक नकाशा, हातानं काढलेला, एवढंच हवं होतं. कोण कुठे बसून काम करतं, इन्व्हर्टरचे प्लग कुठे, भिंती कुठे जाड. तो कागद अण्णांच्या हातात असता तर त्या मुलांना "माजघरात बसवा" म्हणायला त्यांना काही अवघड नव्हतं. मुलांनी कुरकुर केली असती, जास्तीच्या केबलीचे तीन-चारशे मागितले असते. ते द्यायचे.

जुनं कनेक्शन आम्ही महिनाभर चालू ठेवलं होतं, ते बरोबर केलं. बिलाचा घोळ झाला तरी बरोबरच.

राउटर विकत घेण्याआधी एक साधी तपासणी राहून गेली: लॅपटॉप केबलीनं ओएनटीला जोडून वेग मोजायचा, मग वाय-फायवर खोली-खोलीत मोजायचा. केबलीवर अठ्ठ्याण्णव आणि खोलीत चार असतील तर दोष कंपनीचा नाही, घरातल्या वाटेचा आहे. केबलीवरच चार असतील तर राउटर घेऊन उपयोग नाही, कंपनीला फोन करायचा.

कुळागरातल्या पंपाच्या खोलीत कॅमेरा लावायचं उदयच्या मनात आहे. ऐंशी मीटर, झाडांतून. तिथे लॅन केबल नेऊ नको असं मी सांगितलंय. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे लॅन आणि फायबर जोडणाऱ्या डब्या, लावून फायबरच न्यायची, म्हणजे पंपाकडे वीज पडली तरी या केबलीतून घराकडे येणार नाही. पाऊस संपल्यावर करू.

आणि आमच्या आतेभावाचं घर बांदोड्याला बांधकामात आहे. चवथीला त्यानं हे सगळं ऐकलं. दसऱ्याला त्यानं फोटो पाठवला: स्लॅबच्या सळ्यांमधून गेटजवळच्या मीटरपेटीपासून घराच्या मध्यावरच्या कपाटापर्यंत २५ मिलिमीटरचा पाइप, आत ओढायची तार घातलेली, आणि तिथून प्रत्येक खोलीकडे एकेक पाइप. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं.